खांबापासून दारापर्यंत

४ मार्च

अहो,

अक्षर वाकडं दिसेल, कारण हे डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा प्लास्टरमध्ये असून मजेत आहे. तुम्ही विचारण्याआधीच सांगून टाकलं, म्हणजे तुमचा एक प्रश्न वाचला.

पत्र पाववाला आणून देईल. टपालखात्याशी माझं वैर नाही, पण त्याची गाडी रोज सकाळी वन्संच्या इमारतीखालच्या दुकानात पाव उतरवते. मग मध्ये तिकीट कशाला चिकटवायचं? लाइट गेली की त्याचं यीस्ट आपल्या फ्रिजमध्ये येतं, आणि माझी पत्रं त्याच्या गाडीतून जातात. कोणाचे कोणावर उपकार नाहीत. असे व्यवहार मला आवडतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमची चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली सापडली. ‘घरात वायर आली की कळव. मी येईन.’ एवढंच. जन्मभर छापखान्यात लोकांची मुद्रितं तपासलीत, दुसऱ्यांचे अग्रलेख सुधारलेत, आणि बायकोला लिहायची वेळ आली तेव्हा दोन वाक्यांत आटोपलंत. जाताना माझी सोय लावून गेलात हे मान्य करते. पाववाल्याची बायको दोन वेळा येते, वेणी घालून देते, आणि तुमच्याबद्दल इतकं चांगलं बोलते की शेवटी मलाच तिला गप्प करावं लागतं.

आता कामाचं. वन्संचा फोन आला होता. त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही म्हणे सांगत बसता, ‘ती पडली होती आणि मी घड्याळ लावून उभा होतो.’ वाक्य खरं आहे, हकीकत खोटी आहे. झालं ते पुढे लिहिते. तुम्हाला ठाऊक आहे. पण तुम्ही हे वन्संना वाचून दाखवणार, म्हणून त्यांना कळेल असं लिहिते.

आपल्या घरात सराव असतो. वादळ, आग, आजारपण, काहीही अंगावर आलं तर हातपाय गळू नयेत, म्हणून अधूनमधून, न सांगता, मी बॅटरीच्या खोलीबाहेरची घंटा वाजवते. घंटा झाली की तुम्ही स्टॉपवॉच दाबायचं, मेन स्विच बंद करायचा, आणि कंदील, पाण्याचा कॅन व औषधांची पेटी घेऊन मागच्या दारात उभं राहायचं. मग मी चुका सांगते. ज्यांच्या घराला बाहेरून काहीच येत नाही, वीज नाही, नळ नाही, त्यांनी एवढं तरी करायलाच हवं, असं माझं मत होतं आणि आहे.

त्या दुपारी मी छपरावर चढून सोलरची पॅनेल पुसत होते. उतरताना शिडी घसरली आणि मी बॅटरीच्या खोलीमागे पडले. हात मोडला हे बघूनच कळलं, तो भलतीकडेच वळला होता. घंटेची दोरी डाव्या हाताला लागत होती, ती ओढली. तुम्ही भर दुपारी पेटवलेला कंदील घेऊन दारात हजर झालात आणि स्टॉपवॉच थांबवलंत. ‘हेडबाई,’ म्हणालात, ‘आजवरची सगळ्यात चांगली वेळ.’ मी ओरडले. ‘अरे वा, आज पेशंटसुद्धा आहे,’ म्हणालात. मी पुन्हा ओरडले. ‘अभिनय सुधारलाय तुझा.’ मग कोपऱ्यावरून वळलात आणि हात पाहिलात.

यात तुमची चूक कुठे आली? जे शिकवलं ते केलंत. पेटी हातातच होती. झोळी अशी बांधलीत की दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणी बांधली. पाववाल्याला हाका मारून गाडी वर आणवलीत. गाडीत रडलात तेवढं सरावात नव्हतं.

तुम्ही म्हणता, वायर असती तर सत्तरीच्या बाईला काचा पुसायला छपरावर चढावं लागलं नसतं. मला अजून सत्तर पुरी झालेली नाहीत. तुमच्या चिठ्ठीचं उत्तर: नाही.

टाकी भरलेली आहे, बॅटऱ्या उत्तम. तुमचा मफलर खुंटीवर राहिला. हवा असेल तर येऊन न्या.

मीच


१५ मार्च

अहो,

तुमचं उत्तर पोचलं, म्हणजे माझंच पत्र, लाल शाईने तपासून. दोन स्वल्पविराम घातलेत, एक वाक्य तोडलंत, ‘सत्तर’खाली रेघ मारून समासात ‘तीन महिने बाकी’ असं लिहिलंत. शेवटी अगदी बारीक अक्षरात ‘दुखतो का?’ ते मी भिंग घेऊन वाचलं. दुखतो, थोडा. हवा गार झाली की.

इथे एक नवं प्रकरण सुरू झालं आहे. काल विजेच्या कार्यालयातला माणूस आला आणि दारावर नोटीस चिकटवून गेला. मी दारात उभी होते, हातात द्या म्हटलं, तर म्हणाला, ‘चिकटवायचीच आहे.’ मला जरा बाजूला व्हायला सांगून चिकटवली.

मजकूर असा. खालच्या वळणावर बेकरीजवळ जो शेवटचा खांब आहे, त्याच्या टप्प्यात येणाऱ्या घराने जोडणी घेतलीच पाहिजे. वापरा न वापरा, दरमहा ठरलेला आकार भरायचा. न घेतल्यास घर ‘राहण्यास अयोग्य’ ठरवलं जाईल. मागच्या वादळात खालची सगळी आळी फोन चार्ज करायला आणि बाळांचं दूध गरम करायला ज्या घरात येऊन बसली होती, ते घर राहण्यास अयोग्य. तेव्हा त्यांची ती योग्य घरं अंधारात होती.

पैशांसाठी मी भांडत नाही, तेवढं आपल्याला झेपतं. विजेशीही माझं भांडण नाही. पोरांना वीज शिकवण्यात माझी हयात गेली, तिच्याबद्दल माझ्या मनात प्रेमच आहे. पण जी वस्तू मला नको म्हणता येत नाही, ती मला कोणी विकत नाही, माझ्या गळ्यात मारतं. आज वायर. उद्या म्हणतील, टाकीतलं पाणी पिऊ नका, नळाचंच प्या. परवा म्हणतील, घरात एवढं धान्य कशाला साठवलंत, आमच्या हवाली करा, आम्ही वाटतो. मी वाटत नाही का? वाटते. ज्याला पाहिजे त्याला, माझ्या हाताने.

आणि आता अडचण बघा. तुमची चिठ्ठी आणि त्यांची नोटीस, दोन्हींत मागणी एकच आहे. मी आज वायर घेतली, तर ती कोणासाठी घेतली हे तुम्हाला कधीच कळणार नाही. मलाही कळणार नाही. रोज जेवताना दिवा लागेल, आणि तुम्ही मनात म्हणाल, ही माझ्यासाठी वाकली की त्यांना घाबरली? मी त्यांना घाबरत नाही. आणि तुमच्यासाठी वाकायचं की नाही हे ठरवायला मला मोकळी जागा हवी, मागून कोणी ढकलत असताना नाही.

म्हणून आधी ती नोटीस उतरवते. मग आपलं बघू. तोवर हट्टी म्हणा, मला सवय आहे. हरकत नोंदवली आहे, नऊ एप्रिलला सुनावणी.

वन्सं भाजीत मीठ कमी घालतात. सोबत पुडी पाठवते आहे. त्यांना दिसू देऊ नका.

मीच


२७ मार्च

श्रीयुत यजमान,

आज कार्यालयात जाऊन फाइल पाहिली. आपल्या उतारावर जोडणी नसलेली आणखी तीन घरं आहेत. त्यांतल्या एकालाही नोटीस नाही. फक्त आपल्याला आहे, कारण आपल्याच घराबद्दल अर्ज गेला आहे. विषय, ‘वृद्ध दांपत्याची सुरक्षितता.’ अर्जदार, ‘कुटुंबीय.’ सही बघायला लागले तर कारकुनाने तिच्यावर अंगठा ठेवला. ‘मॅडम,’ म्हणाला, ‘घरातलं घरात मिटवा.’

एकच प्रश्न विचारते. तो अर्ज तुमचा का?

हो असेल तर हो लिहा. मी आरडाओरडा करणार नाही. आपण आयुष्यभर भांडलो ते तोंडावर, स्वयंपाकघरात, ताटं समोर ठेवून. तुम्ही कधी जेवण सोडलं नाहीत आणि मी कधी वाढायचं थांबले नाही. त्यात कोणाला मध्ये घेतलं नाही, तुमच्या आईंनासुद्धा नाही. कार्यालयाचा शिक्का घेऊन समोर येणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं हे मला ठाऊक नाही, कारण तो माणूस माझ्या घरात कधी राहिलेला नाही.

मफलर पाववाल्याबरोबर पाठवला आहे.


३ एप्रिल

अहो,

मफलर परत पाठवा.

वन्संचा फोन आला होता. आधी नुसत्याच रडल्या. अर्ज त्यांनी दिला होता, तुम्हाला न विचारता. ‘वहिनी, दादा धड जेवत नाही हो,’ म्हणाल्या. ‘कंदिलाचं तेवढंच घेऊन बसतो. मला वाटलं, तुम्हाला काही ऐकून घ्यायचं नसेल तर कोणीतरी तुम्हाला भाग पाडेल, वायर येईल, दादा घरी जाईल, सगळंच सुटेल.’

‘वन्सं,’ मी म्हटलं, ‘मला भाग पाडायचं तुमच्या दादाच्या कधी मनातसुद्धा आलं नाही. म्हणून तर मी त्याच्याशी लग्न केलं. चांगली दोन स्थळं भाग पाडणारी होती.’

त्यावर त्या रडता रडता हसल्या. रागावले का, तर रागावले. पण बाई मनाने स्वच्छ आहे आणि भावावर जीव आहे. तो जीव दुसऱ्याच्या दारावर नोटीस लावण्याइतका असू नये, एवढं मी त्यांना सांगितलं. मग बटाटे पाठवू का म्हणून विचारलं. पाठवा म्हणाल्या. अर्ज मागे घेते म्हणाल्या, पण आता तो मागे घेऊन उपयोग नाही, नोटीस निघालेली आहे. सुनावणी होणारच.

माझ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आठवडाभर माझा राग अंगावर घेतलात आणि बहिणीला पाठीशी घातलंत. हे चूक आहे. तरी मला आवडलं.

त्याच फोनवर लिफ्टचंही कळलं. संध्याकाळी इमारतीची लाइट गेली, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत माणसं. सगळे जिन्यात येऊन आरडाओरडा करत होते आणि खिशातून टॉर्च काढणारे तुम्ही एकटे. भर वस्तीत, वायर असलेल्या घरात, खिशात टॉर्च. मेन बंद करायला लावलात, चौकीदाराला किल्लीसाठी पिटाळलंत, आणि लिफ्टच्या दाराशी खाली बसून आतल्या बाईंना म्हणालात, ‘घाबरू नका, सराव चाललाय असं समजा.’ वन्सं सांगत होत्या, स्टॉपवॉचही दाबलं होतंत. वेळ काय आली ते त्यांना सांगता येईना. कळवा.

फोन ठेवला आणि मी एकटीच बराच वेळ हसत बसले. मग हसू थांबलं. त्या बाईंची भीती गेली, कारण खरं संकट त्यांना सराव वाटलं. तुमची भीती जात नाही, कारण तुम्हालाही तसंच वाटलं होतं. यावर विचार करते आहे. निष्कर्ष निघाला की लिहीन.

मीच


१० एप्रिल

अहो,

शेवटच्या बाकावर पाववाल्याच्या मागे बसलात म्हणजे दिसणार नाही असं वाटलं का? एवढ्या उकाड्यात मफलर घातलेला माणूस त्या खोलीत एकच होता.

बेकरीत सगळे मला सुनावणीचं विचारतात आणि पाववाला दर वेळी त्यात नवीन भर घालतो. आज त्याच्या सांगण्यात मी टेबलावर हात आपटला होता. म्हणून झालं तसं लिहून ठेवते. तुम्ही होतातच, चूक असेल तर तपासा.

अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. त्याने विचारलं, ‘मॅडम, आपल्याला वीज नको का?’

‘आहे माझ्याकडे. तुम्हाला हवी का?’

‘मग वायर नाकारता कशासाठी?’

‘वायर नाकारत नाही. मला ती नाकारता येत नाही, याला माझी हरकत आहे.’

त्याने ते लिहिलं, वाचलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मी पॅनेलचे कागद दिले, बॅटऱ्यांची पावती दिली, वादळातल्या दिवसांबद्दल पाववाल्याने सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. सगळं नीट चाललं होतं.

मग कार्यालयाचे वकील उठले. ‘साहेब, कागदावर सगळं ठीक आहे. पण घर एवढं सुरक्षित असतं, तर यांचे स्वतःचे यजमान ते सोडून गेले असते का?’

चार पानं मुद्दे लिहून नेले होते, त्यात हा नव्हता. घरात सहा महिन्यांचं धान्य आहे, वातींचे गठ्ठे आहेत, तीन प्रकारच्या काड्यापेट्या आहेत. या एका प्रश्नाची तयारी नव्हती. मी चष्मा पुसत राहिले. तुम्ही ते पाहिलं असणार, कारण पुसून झालेला चष्मा मी पुन्हा पुसत होते.

तेव्हा मागून आवाज आला. ‘मी यजमान. सोडून गेलेला.’

लोक हसले. अधिकाऱ्याने नाक पुसलं. ‘आपल्याला घरात वायर हवी आहे, बरोबर?’

‘हवी आहे. पण हिच्याकडून हवी आहे, साहेब. तुमच्याकडून नको.’

‘म्हणजे काय?’

‘म्हणजे ही नाही म्हणाली, तर नाही.’

वकील म्हणाले, ‘आणि मग आपण घरी जाणार नाही?’

‘ते आमचं आम्ही बघू. त्याला खांब लागत नाही.’

एवढं बोलून तुम्ही खाली बसलात. मी मागे वळून पाहिलं नाही, कारण त्या वेळी माझा चेहरा सुनावणीला शोभेल असा नव्हता.

नंतर जिन्यात भेटलो. पाववाल्याने विचारलं, काय बोललात? मी त्याला सांगितलं नाही. तुम्ही म्हणालात, ‘हात?’ मी म्हटलं, ‘प्लास्टर निघालं.’ तुम्ही म्हणालात, ‘तरी पत्रातलं अक्षर वाकडंच आहे.’ मी म्हटलं, ‘ते कॉलेजपासून आहे.’ मग वन्सं खालून हाक मारायला लागल्या आणि तुम्ही गेलात. मला आणखी काही बोलायचं होतं, पण जिन्यात माणसं फार होती. शिवाय निकाल यायचा होता. तो येईपर्यंत काही बोलले असते, तर ते लाच दिल्यासारखं झालं असतं.

तुम्ही बारीक झाला आहात. मिठाची पुडी संपली का?

मीच


२६ एप्रिल

अहो,

निकाल आला. स्वतःची पुरेशी सोय असलेल्या घरावर जोडणीची सक्ती करता येत नाही. मधल्या काळात त्यांचा तपासनीस येऊन सगळं बघून गेला, बॅटरीची खोली पाहून स्वतःच्या घरासाठी माहिती विचारून गेला. दारावरची नोटीस मी सुरीने खरवडून काढली. रंगाचा पापुद्रा निघाला तेवढा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच कार्यालयात, त्याच खिडकीपाशी गेले आणि नव्या जोडणीचा अर्ज मागितला.

कारकुनाने आधी अर्जाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘मॅडम, कालच तर तुम्ही जिंकलात.’

‘हो.’

‘आम्ही देत होतो तेव्हा घेतली नाहीत.’

‘तेव्हा तुम्ही देत होतात. आता मी मागते आहे.’

‘फरक काय पडला?’

‘आता तुम्ही नाही म्हणू शकता आणि मीही नाही म्हणू शकते. आता आपण दोघं शहाण्या माणसांसारखे बोलतो आहोत.’

त्याने आतल्या साहेबांना बोलावलं. ते सर्दीवाले. सर्दी बरी झाली होती. त्यांनी अर्ज वाचला, हसले, आणि म्हणाले, ‘यजमानांना नमस्कार सांगा.’ सांगितला.

करार मी तिथेच बाकावर बसून पूर्ण वाचला. मागच्या बाजूचं बारीक अक्षरसुद्धा. कोणत्याही बाजूने महिन्याची सूचना देऊन जोडणी बंद करता येते. हे कलम मला पसंत पडलं. ज्या दारातून बाहेर पडता येतं, त्यातून आत जायला मी कधी घाबरले नाही. आपलं लग्नही याच अटीवर चाललं असावं. फक्त सूचना कोणी दिली नाही, तुमची ती साखरेच्या डब्याखालची सोडून.

आता निष्कर्ष, जो कळवते म्हटलं होतं.

त्या खोलीत मी ताठ मानेने सांगितलं की नाही म्हणता येत नसेल तर ती सक्ती. टाळ्या वाजल्या नाहीत, पण पाववाल्याच्या बायकोने मान डोलावली. घरी आले, चहा टाकला, आणि लक्षात आलं की घंटा झाल्यावर ‘आज नाही’ म्हणायची सोय तुम्हाला कधीच नव्हती. तापात असताना तुम्ही कंदील घेऊन उभे राहिला आहात. मी वेळ सांगितली आणि चुका सांगितल्या. तुम्ही कधी हरकत घेतली नाहीत हे खरं. पण नोटिसा चिकटवणारेही हेच म्हणतात, की कोणी हरकत घेतली नाही.

तेव्हा घरात काही बदल केले आहेत. सराव आदल्या दिवशी सांगून होईल, न्याहारीनंतर. तुम्हाला नाही म्हणता येईल, कारण द्यावं लागणार नाही, आणि मी तोंड वाकडं करणार नाही. तोंडाची खात्री देत नाही, प्रयत्न करीन. घंटा सरावातून काढली. ती आता फक्त खरं काही झालं तरच. वाजली की धावा, घड्याळ बघू नका. पॅनेल पुसायला बेकरीतल्या भट्टीच्या लांब दांड्याला ब्रश बांधून घेतला आहे, जमिनीवर उभं राहून सगळी पोचतात. शिडी पाववाल्याला देऊन टाकली. त्याने बदल्यात काय देऊ विचारलं, मी म्हटलं, काही नको. तर त्याला ते फार विचित्र वाटलं.

पॅनेल आणि बॅटऱ्या राहणार. त्यावर चर्चा नाही. वायर असूनही लाइट जाते, हे तुम्ही लिफ्टपाशी बसून पाहिलं आहेच.

कार्यालयाने फाटकाशी नवा खांब उभा केला. वायर तिथपर्यंत आली आहे, वेटोळं करून वर टांगली आहे. खांबापासून दारापर्यंतचा तुकडा मी जोडू दिलेला नाही. मंगळवारी वायरमन यायचा आहे. जोडायची की नाही ते मी एकटीने ठरवणार नाही, आणि तुम्ही तिकडे बसून ठरवू नका. इथे या, अंगणात उभे राहा, आणि बोला. तुम्ही जोडा म्हणालात तर जोडू. तुम्हाला आता ती नकोशी झाली असेल, तर खांब वाळत घालायच्या दोरीला उपयोगी पडेल. तुम्हाला वन्संकडेच बरं वाटत असेल, तर तेही सांगा. तिथेही मी तुम्हाला भाग पाडणार नाही. फक्त मला वाईट वाटेल, आणि ते मी लपवणार नाही, इतके दिवस पुष्कळ लपवलं.

मी सकाळी दोघांचा स्वयंपाक करते. रोज. दुपारी उरलेलं पाववाल्याच्या बायकोला देते आणि तिला सांगते की अंदाज चुकला. ती हो म्हणते. तिला एकदाही पटलेलं नाही.

पत्र इथवर आलं आणि खालच्या वळणावर गाडी चढाला लागल्याचा आवाज येतो आहे. पाववाला या वेळी कधी वर येत नाही, ही त्याची झोपायची वेळ. खिडकीतून बघितलं तर फाटक दिसतं, पण मी उठणार नाही, हातातलं वाक्य अर्धं टाकायची मला सवय नाही. गाडी फाटकाशी थांबली. दोन दारं वाजली. पाववाला म्हणतो आहे, ‘काका, मी ट्रंक घेतो, तुम्ही चला.’ ट्रंक आहे म्हणजे दोन दिवसांसाठी नाही.

आता हे पत्र पोचवायला कोणी नेणार नाही. टेबलावर ठेवते. लाल पेन पेल्यात आहे.